बारावीनंतर इंटरनॅशनल स्टडीजला जायचंय? आधी सिलॅबस उघडा (कोकणातल्या मुलामुलींसाठी)

मे महिना आला की तिकडे गावात आंब्याची घाई आणि इकडे माझा फोन. कोणाची पुतणी, कोणाचा भाचा, वाडीतल्या कोणाचा तरी मुलगा, बारावी झालेली असते आणि प्रश्न एकच, "ताई, ते इंटरनॅशनल रिलेशन्स का काय असतं ना, ते करायचंय, कुठे करू?" प्रत्येकाला तासभर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून म्हटलं एकदाच सगळं टाइप करून ठेवू, पुढच्या वेळी हेच पाठवून मोकळी.

मी देवगड तालुक्यातली. आता वाशीला एका एक्स्पोर्टवाल्याकडे डॉक्युमेंटेशन बघते, म्हणजे माल देशाबाहेर जाताना जी कागदांची चळत लागते ना ती. इथपर्यंत सरळ रस्त्याने आले नाही, मधे चांगला घोळ घातलाय, तो पुढे सांगतेच कारण तुमच्या कामाचा आहे.

हा विषय असतो तरी काय

घरच्यांपासून सुरू करते, पहिली परीक्षा तीच. मी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "ह्या शिकान काय करतलंस?" एका काकांना वाटलं मी विमानतळावर लागणार. दुसऱ्यांना वाटलं ह्याला ॲडमिशन घेतली की व्हिसा आपोआप मिळतो. दोन्ही नाही.

माझ्या डोक्यात हा विषय पुस्तकातून आला नाही. २०१४ साली बारावीची परीक्षा देऊन मी घरी बसलेले, आणि १ मेपासून युरोपियन युनियनने भारतातला आंबा बंद केला. कारण काय तर आदल्या वर्षी आपल्याकडून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि बाकीची कीड सापडली होती. ऐन सीझन! बाहेर जायचा माल वाशीतच राहिला, भाव बसला, बाबा दलालाशी फोनवर बोलत ओटीवर येरझाऱ्या घालतायत, आई पेट्यांत गवत भरता भरता मधेच थांबलीय की आता भरू की नको, आणि मला एकच कोडं पडलेलं की ब्रसेल्समध्ये बसलेली माणसं, ज्यांनी देवगड नकाशावर पण बघितलं नसेल, ती आमच्या कलमांचं ठरवतात कशी? आणि आपलं सरकार त्यांना काही बोलू शकतं का नाही?

बोलू शकतं. पुढे कळलं की जागतिक व्यापार संघटनेत ह्याच्यासाठी वेगळा करार आहे, झाडं-जनावरं-माणसं ह्यांच्या आरोग्यासाठी एखादा देश माल अडवू शकतो पण त्याला शास्त्रीय आधार दाखवावा लागतो. म्हणजे आमच्या कलमांचं भवितव्य त्यांच्या करारातल्या कलमांवर. आपल्याकडे पॅकहाऊसची तपासणी कडक केली आणि जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं. अमेरिकेने तर २००७ मध्ये कुठे आपला आंबा परत घ्यायला सुरुवात केली, तोही विकिरण प्रक्रिया करूनच पाठवायच्या अटीवर.

तर ह्या एका पेटीत कायदा आहे, अर्थशास्त्र आहे, किडीचं विज्ञान आहे, दोन सरकारांचं राजकारण आहे. हे सगळं एकत्र धरून बघायला शिकवतात तो हा कोर्स. इंटरनॅशनल स्टडीज, इंटरनॅशनल रिलेशन्स, ग्लोबल अफेअर्स, ग्लोबल स्टडीज अशी नावं बदलतात, थोडाफार फरक असतो, रिलेशन्समध्ये देशादेशांचे संबंध आणि परराष्ट्र धोरण जास्त, ग्लोबल स्टडीजमध्ये हवामान, स्थलांतर, आरोग्य, मानवी हक्क असे सगळ्यांचे मिळून असलेले प्रश्न जास्त. पण नावावरून नक्की काही ठरत नाही, तेच तर सांगायचंय.

आत काय शिकाल ढोबळमानाने: १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून सुरुवात (हे सगळीकडे असतंच असतं), दोन महायुद्धं, १९४५ ला संयुक्त राष्ट्रं, शीतयुद्ध, अलिप्ततावाद, मग वास्तववाद, उदारमतवाद वगैरे सिद्धांत ज्यांचा पहिल्या वर्षी कंटाळा येतो आणि तिसऱ्या वर्षी उपयोग कळतो, आंतरराष्ट्रीय कायदा, नाणेनिधी आणि जागतिक बँक, एखाद्या प्रदेशाचा अभ्यास, एक परदेशी भाषा, आणि चांगलं ठिकाण असेल तर संशोधन पद्धती आणि थोडं स्टॅटिस्टिक्स.

आपल्याकडच्या मुलांना ह्यात एक फायदा आहे जो आपल्या लक्षात येत नाही. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला मुंबई-पुण्याची माणसं येतात, बरोबर? त्याच समुद्री कासवांवरून १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत एक निकाल लागला जो जगभर ह्या कोर्समध्ये शिकवतात. अमेरिकेने ठरवलं की ज्या देशांच्या कोळंबीच्या जाळ्यांना कासव बाहेर निघायची सोय नाही त्यांची कोळंबी घ्यायची नाही. भारत, पाकिस्तान, मलेशिया, थायलंड मिळून भांडायला गेले (भारत-पाकिस्तान एका बाजूला, बघा). अपीलात ठरलं की कासवं वाचवायचा हेतू योग्य आहे पण सगळ्या देशांना सारखं न वागवता हा नियम लावला ते चूक. वर्गात पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा बाकीच्यांना ते नुसतं केसचं नाव होतं, मला जाळं डोळ्यासमोर दिसत होतं. समुद्राचंही तसंच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांपर्यंत त्या देशाचा आर्थिक हक्काचा पट्टा हे १९८२ च्या सागरी कायद्यातलं, आणि बंदरावर परराज्यातल्या ट्रॉलरवरून भांडण होतं तेव्हा "बारा वावाच्या आत का बारा मैलांच्या आत" हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. जैतापूरला फ्रेंच कंपनीच्या प्रस्तावित अणुभट्ट्या, घरटी एक माणूस कुवेत-मस्कतला, सगळं दाराशीच आहे.

पायरी पहिली: नावाला भुलू नका

आता माझा घोळ. त्याच २०१४ च्या जूनमध्ये मी शहरातल्या एका खासगी कॉलेजात ॲडमिशन घेतली, कोर्सच्या नावात ग्लोबल, ब्रोशरवर पृथ्वीचा गोल आणि सात-आठ देशांचे झेंडे. भाव पडलेल्या वर्षी बाबांनी पैसे उभे केले. वर्गात गेल्यावर कळलं की पूर्ण वर्षात इंटरनॅशनल म्हणता येईल असा पेपर एकच, बाकी मार्केटिंग, ऑफिस मॅनेजमेंट, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. परदेशी भाषा म्हणजे आठवड्याला एक तास फ्रेंच, आणि शिकवणारे सर दिवाळीच्या सुट्टीनंतर आलेच नाहीत. वर्ष संपल्यावर सोडलं आणि गावाकडच्या कॉलेजात बीए पॉलिटिकल सायन्सला परत पहिल्यापासून. वर्ष गेलं, फी गेली. आणि सगळ्यात राग कसला आला असेल तर तो सिलॅबस त्यांच्या वेबसाइटवर आधीपासून होता. मी उघडलाच नव्हता.

म्हणून पहिलं काम हे. युनिव्हर्सिटीच्या साइटवरून पूर्ण सिलॅबसची पीडीएफ उतरवा, ब्रोशर नाही, सिलॅबस. एक वही घ्या आणि सगळ्या सेमिस्टरचे पेपर हाताने लिहून काढा. नवीन शैक्षणिक धोरणानुसार ३ वर्षांच्या पदवीला कमीत कमी १२० क्रेडिट आणि ४ वर्षांच्या ऑनर्सला १६० लागतात, तर त्यातले किती क्रेडिट खरोखर ह्या विषयाचे आहेत ते मोजा. माझ्या मते निम्म्याहून कमी असतील तर ते दुसरंच काहीतरी आहे. मग हे बघा:

अर्थशास्त्राचा निदान एक पेपर आहे का? आंतरराष्ट्रीय कायदा आहे का? संशोधन पद्धती आहे का?

भाषा किती सेमिस्टर आहे? एका सेमिस्टरची भाषा म्हणजे नमस्कार-चमत्कार.

शेवटच्या वर्षी प्रबंध किंवा प्रोजेक्ट करायला लावतात का?

आणि पेपरखाली जी पुस्तकांची यादी असते ती. त्यातली सगळी पुस्तकं १९९१ च्या आधीची असतील तर तिथे सोव्हिएत युनियन अजून शाबूत आहे असं समजा.

हे करायला दोन संध्याकाळी लागतात. नेट नसेल तर तालुक्याला जाऊन उतरवून आणा, पण करा.

पायरी दुसरी: कुठे कुठे मिळतं

इथे एक गैरसमज आधी काढते. दिल्लीच्या जेएनयूमधलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज हे आपल्याकडचं ह्या विषयातलं सगळ्यात मोठं नाव, १९५५ मध्ये सप्रू हाऊसला सुरू झालेली संस्था जी १९७० मध्ये जेएनयूत आली. पण ते मुख्यतः एमए आणि पीएचडीसाठी. बारावीनंतर जेएनयूत जायचं तर परदेशी भाषांची बीए ऑनर्स आहे, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, जपानी, कोरियन, चिनी, अरबी, फारसी अशी. माझ्या मते ती फारच चांगली वाट आहे, भाषा पक्की करून मग एमएला विषय घ्यायचा.

सरकारीत थेट इंटरनॅशनल रिलेशन्सची बीए हवी असेल तर केरळ केंद्रीय विद्यापीठाची आहे, कोलकात्याला जादवपूर विद्यापीठात आहे. दिल्ली युनिव्हर्सिटीत पॉलिटिकल सायन्स ऑनर्स घेतलं तर त्यात आंतरराष्ट्रीय राजकारण भरपूर येतं. हैदराबादची इफ्लू (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) भाषांसाठी.

खासगीत पुण्याची फ्लेम, सोनीपतची जिंदल आणि अशोका ही नावं ऐकाल. फ्लेमला इंटरनॅशनल स्टडीज मेजर घेता येतं, जिंदलला तर ह्या विषयाचं वेगळं स्कूलच आहे. शिकवतात चांगलं, त्याबद्दल वाद नाही, पण फी वर्षाला लाखांत, पैशांचं पुढे बोलू.

आणि घराजवळ. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडची बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली, तिथे बीए पॉलिटिकल सायन्स किंवा इकॉनॉमिक्स आहे. त्याला कोणी ग्लोबल म्हणत नाही म्हणून मुलं नाक मुरडतात. मी तिथूनच बीए केलं, मग पुण्याला एमए. वर्गात आम्ही अकरा जण, सर कधीही भेटायचे, लायब्ररीत माझ्याशिवाय कोणी नसायचं त्यामुळे पुस्तकं महिना महिना माझ्याकडे. घरचं जेवण, फी काही हजार. सोबत एक भाषा आणि रोज इंग्रजी वाचन केलं तर ही वाट अजिबात कमी नाही. नुसतं लेक्चरला बसून नोट्स पाठ केल्या तर मात्र काही होणार नाही, ते पण सांगते.

पायरी तिसरी: सीयूईटी, आणि आंब्याचा सीझन

केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही एकच प्रवेश परीक्षा. एनटीए (नॅशनल टेस्टिंग एजन्सी) घेते, कॉम्प्युटरवर असते, मराठीसकट १३ भाषांत देता येते. २०२५ पासून जास्तीत जास्त ५ विषय निवडता येतात, प्रत्येक पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्न, बरोबर आलं तर ५ मार्क, चुकलं तर १ कापतात. फॉर्म वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत निघतो आणि परीक्षा मेच्या आसपास. तारखा दरवर्षी हलतात, एनटीएची साइट स्वतः बघायची, कोणाच्या स्टेटसवर विसंबायचं नाही.

आपल्याकडे अडचण अशी की फॉर्मच्या वेळी बारावीची बोर्डाची गडबड आणि परीक्षेच्या वेळी घरात आंबा. माझ्या चुलत भावाने मे महिन्यात सकाळी झाडावर आणि दुपारी अभ्यासाला असं करून बघितलं, दुपारी झोपायचा. घरी आत्ताच सांगून ठेवा की ते तीन आठवडे माझी मोजदाद करू नका. सेंटर लांबचं येऊ शकतं, आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करायची तयारी ठेवा, सुट्टीचा महिना असतो आणि कोकण रेल्वेचं तिकीट आयत्या वेळी मिळत नाही हे काय तुम्हाला सांगायला हवं.

विषय निवडताना उलटं जायचं. आधी ज्या विद्यापीठात जायचंय तिथली अट वाचायची, की त्या कोर्सला कुठले पेपर धरतात, मग फॉर्ममध्ये तेच टाकायचे. त्याच भावाने तीन विषयांचे पेपर घेतले आणि भाषेचा पेपर घेतलाच नाही, आणि त्याला हव्या त्या कोर्सला भाषा धरत होते. मार्क चांगले, उपयोग शून्य.

पायरी चौथी: कागदपत्रं

ही पायरी वाचून सोडू नका, इथेच आपली मुलं अडकतात. राज्याचं ओबीसीचं जातप्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर आहे म्हणून निर्धास्त राहता, आणि केंद्रीय विद्यापीठ मागतं केंद्राच्या नमुन्यातलं. तो नमुना वेगळा असतो. शिवाय तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघायचं, राज्याच्या यादीत असली म्हणजे केंद्राच्या असेलच असं नाही. राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. ईडब्ल्यूएसचंही केंद्राच्या नमुन्यातलंच, आणि चालू आर्थिक वर्षाचं. सेतूत सांगताना "सेंट्रलचं पाहिजे" असं स्पष्ट सांगा आणि हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा.

नावाचं स्पेलिंग पण. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव अर्धंच. दहावीच्या मार्कशीटप्रमाणे बाकी सगळं जुळवून घ्या, हे काम डिसेंबरच्या आत उरकायचं.

पायरी पाचवी: पैसे

सरकारी ठिकाणी फी फारशी नसते, खर्च राहण्या-खाण्याचा. होस्टेल मिळालं तर निभावतं, नाही मिळालं तर दिल्लीत खोलीचं भाडं फीच्या कितीतरी पट होतं, म्हणून ॲडमिशनच्या दिवशीच होस्टेलचा फॉर्म भरा.

खासगीत स्कॉलरशिप देतात, पण ती पहिल्या वर्षापुरती आहे का सगळ्या वर्षांना, आणि मार्क घसरले तर बंद होते का, हे ईमेलवर लेखी विचारा. फोनवरचा माणूस गोडच बोलतो. कर्जासाठी २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना आली, त्यात निवडक वरच्या संस्थांसाठी (सुरुवातीला ८६० होत्या) तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, तुमची संस्था त्या यादीत आहे का ते आधी बघा. महाराष्ट्रातच शिकणार असाल तर महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्त्या बघा. मुलींना फी माफ झाली असं घरात कोणीतरी सांगेल, ती २०२४ ची सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या बीएला धरून चालू नका.

माझं स्पष्ट मत, बागायत गहाण टाकून ह्या विषयाची बीए करू नये. ह्यात पहिल्या पदवीवर मोठा पगार क्वचित मिळतो, पुढे एमए लागतंच, ते पैसे तेव्हासाठी ठेवा.

पायरी सहावी: भाषा, आजपासून

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगते ती ही. इंग्रजी तर हवंच, ते धरत नाही. एक परदेशी भाषा तीन वर्षांत बी१-बी२ पातळीपर्यंत न्या. युरोपियन भाषांना ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या असतात, जपानीला एन५ पासून एन१ पर्यंत परीक्षा. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी, अरबी. पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूट, जर्मनसाठी मॅक्समुल्लर भवन, फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेज. सिंधुदुर्गातून पणजी जवळ, तिथे पोर्तुगीज शिकायला कामोईश केंद्र आहे, आणि पोर्तुगीज येणारी माणसं आपल्याकडे इतकी कमी की भाव मिळतो.

ज्यांनी लहानपणी मदरशात अरबी वाचायला शिकलंय त्यांना तर लिपी आणि उच्चार फुकटात मिळालेत. रत्नागिरीकडच्या एका मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, ते तर फक्त वाचता येतं ताई, अर्थ कळत नाही. अगं पण बाकीच्यांचे पहिले चार महिने लिपीतच जातात! तिने अरबी घेतलं.

परदेशातच बीए करायची असेल तर

थोडक्यात सांगते कारण मी स्वतः गेलेली नाही, कामामुळे आणि मुलांना फॉर्म भरून दिल्यामुळे जे माहितेय ते. नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठाची इंटरनॅशनल स्टडीजची बीए हेग शहरात चालते, तेच हेग जिथे आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे. फ्रान्सच्या सियान्स पोचं आशियावर भर असलेलं पदवीचं केंद्र ल आव्रला आहे, बंदराचं गाव, आपल्याला करमेल. दोन्हीकडे इंग्रजीत शिकता येतं, पण युरोपबाहेरच्यांना फी जास्त. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. पण फुकट म्हणून उड्या मारू नका: नुसत्या आपल्या बारावीवर बॅचलरला सहसा थेट घेत नाहीत, आधी त्यांचं तयारीचं वर्ष किंवा इथली काही पूर्तता लागते, शिवाय एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं), आणि व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात (हा आकडा वाढत असतो). जपान सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप पदवीसाठी पण असते, फी आणि दरमहा खर्च दोन्ही, पहिलं वर्ष जपानी शिकायचं आणि मग चार वर्षं कोर्स. स्पर्धा भयंकर, पण अर्जाला फी लागत नाही तर भरून बघायला काय जातंय.

पहिलं सेमिस्टर कसं काढायचं

मराठी माध्यमातली असाल तर पहिला धक्का वाचनाचा. एमएला मला पहिल्या आठवड्यात पंचवीस पानांचा एक लेख दिला आणि मी प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघत बसले, चार रात्री, आणि शेवटी काय वाचलं ते काहीच आठवेना. मग एका सिनिअरने दाखवलं. आधी पहिली दोन पानं आणि शेवटची दोन पानं वाचायची, लेखकाचं म्हणणं काय ते मराठीत दोन ओळींत वहीत लिहायचं, मग मधल्या प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य, आणि जिथे अडलं तिथेच सावकाश. आणि घाबरू नका, सार्वभौमत्व, अलिप्ततावाद, नकाराधिकार हे शब्द आपण शाळेत शिकलेलोच असतो, फक्त त्यांचं इंग्रजी नाव माहीत नसतं. वहीच्या मागे दोन रकाने करून लिहीत जा, माझी ती वही अजून आहे.

नकाशा हाताने काढायची सवय लावा. पर्शियन आखात काढा, होर्मुझची सामुद्रधुनी दाखवा, आणि मग कुवेतमधल्या मामाच्या नोकरीचं आणि आपल्या पेट्रोलचं काय होतं ते त्यावर मांडा. असं एकदा केलं की विसरत नाही.

निबंधाचा विषय निवडायची मुभा असेल तर आपल्याकडचा घ्या. दिल्लीतल्या वर्गात वीस जण अमेरिका-चीनवर लिहितात, सरांना पण तेच तेच वाचून कंटाळा येत असेल. तुम्ही ब्रह्मदेशच्या थिबा राजावर लिहा. १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं, १९१६ मध्ये तिथेच वारला, राजवाडा आजही उभा आहे. पदच्युत राजाला आपल्याच देशात न ठेवता समुद्रापलीकडे का ठेवतात, ह्यावर दहा पानं सहज होतात. रायगडवाल्यांसाठी कोर्लई आहे, तिथे अजून पोर्तुगीजवरून तयार झालेली बोली बोलतात. किंवा चौल, जिथे पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितीन उतरला. किंवा २०२२ मध्ये जिनिव्हात झालेला मासेमारीच्या अनुदानांचा करार घ्या आणि बंदरावर जाऊन डिझेलच्या परताव्याबद्दल चार तांडेलांशी बोला. सुट्टीत घरी आलात की मटेरियल दारात.

नोकरी, म्हणजे आजीचा प्रश्न

आजीचा प्रश्न बरोबरच होता, तर सरळ उत्तर. राजदूत व्हायचं असेल, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा, तर रस्ता यूपीएससीचा, आणि त्याला कुठलीही पदवी चालते. ह्या कोर्सची सक्ती नाही. फायदा एवढाच की पॉलिटिकल सायन्स अँड इंटरनॅशनल रिलेशन्स हा ऑप्शनल घेता येतो आणि जीएसचा (जनरल स्टडीजचा) काही भाग हलका होतो. यूपीएससी एके यूपीएससी करायचं असेल तर लाखांची फी भरून हाच कोर्स कशाला?

संयुक्त राष्ट्रांत काम करायचं स्वप्न बरेच जण घेऊन येतात. तिथल्या अधिकारी पातळीच्या बहुतेक जागांना एमए आणि अनुभव मागतात. भाषा जमली तर भाषांतर, दुभाष्याचं काम, जपानी-जर्मन कंपन्यांची पुण्यातली ऑफिसं. मग थिंक टँक, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्था, मुंबईला गेटवे हाऊस, दिल्लीला ओआरएफ (ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन) वगैरे, इंटर्नशिपला अर्ज करत राहायचं, दहा पाठवले की एखादं उत्तर येतं. परराष्ट्र मंत्रालयाची पण इंटर्नशिप असते. एनजीओ, पत्रकारिता, वकिलाती.

आणि माझ्यासारखं, एक्स्पोर्ट-शिपिंग. ह्याला कोणी ग्लॅमर म्हणणार नाही. सकाळी आठला पहिला मेल रॉटरडॅमच्या माणसाचा, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर (मालात कीड नाही असा सरकारी दाखला) बोटॅनिकल नावाचं एक अक्षर चुकलंय, माल अडेल. आठवड्यातून एकदा तरी होतं. पण तेच ते सर्टिफिकेट ज्याच्यावरून २०१४ ला बाबा ओटीवर फेऱ्या मारत होते, आणि आता ते माझ्या टेबलावरून जातं. बाबा गिऱ्हाइकाला सांगतात, "पोरगी परदेशचा काम बघता."

शेवटचं काम, आणि हे ॲडमिशनची फी भरायच्या आधी. ज्या कोर्सला जाताय तिथला दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी शोधा, लिंक्डइनवर मिळतात, नीट दोन ओळींचा मेसेज टाका. त्याला तीनच गोष्टी विचारा: भाषेचे तास खरंच होतात का, गेल्या वर्षीच्या मुलांनी पुढे काय केलं, आणि परत निवडायचं असतं तर हेच घेतलं असतंस का. तिसऱ्या प्रश्नाला तो किती वेळ गप्प बसतो ते बघा.

एवढं करूनही मला फोन करायचा असेल तर खुशाल करा, पण सिलॅबसची पीडीएफ समोर उघडून बसा आणि रात्री नऊनंतर करा, दिवसा कंटेनरची घाई असते.